कोल्हापुरात पहिल्यांदा गाण्याच्या मैफलीला जाताना

कोल्हापुरात नव्याने राहायला आलेला माणूस वर्षभरात रंकाळा, पन्हाळा, जोतिबा आणि तांबडा-पांढरा हे सगळं मनापासून करतो. गाण्याची मैफल मात्र राहून जाते. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "शास्त्रीय संगीतातलं आपल्याला काही कळत नाही."

हे कारण मला पटत नाही. खासबागेत कुस्ती बघायला बसलेल्या प्रत्येकाला डावांची नावं कुठे माहीत असतात? पण पाठ टेकली की सगळ्यांना कळतं आणि सगळं मैदान एकदम उठतं. मैफलीत तसा क्षण म्हणजे सम, तालाच्या फेरीचा पहिला ठोका. ती दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या दर फेरीला येते, दीड-दोन तासांत शेकडो वेळा येते. ती पकडता आली की रागाचं नाव माहीत नसलं तरी गाणं कळायला लागतं. म्हणून पहिल्या मैफलीत राग ओळखायच्या मागे लागू नका, सम शोधा. खाली सांगितलेल्या जेवण, जागा आणि वेळेच्या सूचनासुद्धा त्यासाठीच आहेत, कारण समेवर लक्ष राहायला हवं असेल तर माणूस तीन तास निवांत बसलेला असावा लागतो.

या गावात का

राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना (१८५५–१९४६) दरबारी गवई म्हणून कोल्हापुरात आणलं आणि जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं इथे रुजलं. खाँसाहेब मूळचे राजस्थानातल्या उणियाऱ्याचे. तरुणपणी एका संस्थानिकाच्या हौसेपायी रोज इतकं गावं लागलं की त्यांचा आवाज बसला, आणि नंतर परत आला तो आधीसारखा राहिला नाही. मग हाती असलेल्या आवाजाला शोभेल अशी, लयीला घट्ट बांधलेली आणि वळणावळणाच्या तानांची (वेगाने घेतलेल्या स्वरमालांची) गायकी त्यांनी घडवली, असं सांगतात. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडे शिकल्या. मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या त्यांच्या मुलांकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. निवृत्तीबुवा सरनाईक आणि धोंडूताई कुलकर्णी यांचा तर जन्मच कोल्हापूरचा.

हा इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे. जयपूर घराण्याचे राग अवघड असतात. दोन-दोन राग गुंफलेले जोडराग आणि खोकर, रायसा कानडा, संपूर्ण मालकंस असे इतरत्र क्वचित ऐकू येणारे अनवट राग ही या घराण्याची खासियत. जुन्या श्रोत्यांनाही ते ओळखताना विचार करावा लागतो. ताल मात्र बहुतेक वेळा सरळ, मध्य-विलंबित (ना फार संथ, ना जलद) तीनताल असतो. सोळा मात्रांचं, म्हणजे सोळा ठोक्यांचं आवर्तन साधारण वीस-पंचवीस सेकंदांत पूर्ण होतं, म्हणजे नवख्या माणसाला धागा धरून ठेवता येईल इतकंच लांब. किराणा घराण्याच्या अतिविलंबित एकतालात तेच आवर्तन पाऊण-एक मिनिटापर्यंत लांबतं आणि पहिल्यांदा ऐकणारा मधेच हरवतो. जयपूरचं गाणं नवशिक्याला झेपणार नाही असं बरेच जण सांगतात. सम हा धागा धरला तर माझं मत नेमकं उलटं आहे.

कार्यक्रम कसा शोधायचा

पहिलं ठिकाण गायन समाज देवल क्लब. खासबाग मैदानाजवळची ही संस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. नावात क्लब असला तरी इथे गाणं शिकवलं जातं, गायलं जातं आणि मुख्य म्हणजे ऐकलं जातं. एकदा प्रत्यक्ष जाऊन फलक वाचा, कार्यालयात विचारा, "येत्या महिन्यात बाहेरच्या माणसाला येता येईल अशी बैठक आहे का?" असा थेट प्रश्न विचारायला संकोच करू नका. ऐकायला माणूस येतोय याचा आनंद तिथल्या लोकांना असतो.

दुसरं ठिकाण दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन. तिथेही बाहेर फलक लागतात. केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांच्या काळातलं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. जुन्या माणसाने "नाट्यगृहात आहे कार्यक्रम" असं सवयीने सांगितलं, तर पत्रिकेवरचा पत्ता एकदा वाचून घ्या.

वर्तमानपत्रांच्या कोल्हापूर आवृत्तीत त्या दिवशीच्या कार्यक्रमांचं छोटं सदर असतं, ते सकाळी चाळायची सवय लावा. मोठ्या जाहिराती मोठ्या नावांच्या असतात, गुरुपौर्णिमेची किंवा एखाद्या गुरूच्या पुण्यतिथीची बैठक मात्र त्या चार ओळींत दडलेली असते. पावसाळा ओसरला की नवरात्रात आणि पुढे थंडीभर कार्यक्रमांची रेलचेल असते. दिवाळी पहाट हा सगळ्यात सोपा मुहूर्त वाटतो खरा, पण तिथे बहुधा भावगीतं, नाट्यपदं आणि अभंग एकत्र असतात. तेही जरूर ऐका. या लेखातला उपाय करून बघायचा असेल तर मात्र ज्या पत्रिकेत "शास्त्रीय गायन" लिहिलंय आणि गाणारं एकच माणूस आहे, असा कार्यक्रम निवडा.

बऱ्याच बैठकांना प्रवेश विनामूल्य असतो. काहींना प्रवेशिका लागते, ती संस्थेच्या कार्यालयात किंवा पत्रिकेवर दिलेल्या ठिकाणी आधी मिळते. "काही जागा राखीव" असं लिहिलं असेल तर पुढच्या दोन-तीन ओळी पाहुण्यांच्या समजायच्या.

आधीच्या आठवड्यात

रोज दहा मिनिटं पुरे. राग नको, ताल ऐका. तीनतालाचा ठेका, म्हणजे तबल्यावरचे त्याचे ठरलेले बोल, फोनवर लावा आणि हाताने धरा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या तळाच्या पेरावर ठेवा. तिथे एक. मधल्या पेरावर दोन, वरच्या पेरावर तीन, टोकावर चार. मग अनामिकेवर पाच ते आठ, मधल्या बोटावर नऊ ते बारा, तर्जनीवर तेरा ते सोळा. एक बोट म्हणजे चार मात्रांचा एक विभाग. चारही बोटं झाली की अंगठा पुन्हा करंगळीच्या तळाशी येतो, ती सम. मधल्या बोटाच्या तळाशी नववी मात्रा येते, ती 'खाली', म्हणजे तालातली हलकी जागा. हा हिशेब हातात बसला की मैफलीत तोंडाने आकडे पुटपुटावे लागत नाहीत. अंगठा आपोआप फिरत राहतो आणि कान गाण्याकडे मोकळे राहतात.

आता ठेका कानाने तपासा. डाव्या हाताच्या डग्ग्याचा एक घुमारा असतो. नवव्या मात्रेच्या 'धा'नंतर तो नाहीसा होतो आणि 'तिं तिं ता, ता' एवढे बोल नुसत्या उजव्या हाताचे, कोरडे वाजतात. चौदाव्या मात्रेला घुमारा परततो. तो परतला की सम तीन मात्रांवर आली. बोटांवरचं गणित चुकलं तरी हा घुमारा तुम्हाला परत वाटेवर आणतो. या एका खुणेसाठी आठवडाभर ऐकलंत तरी वेळ सत्कारणी लागला.

मग दोन-तीन जुनी ध्वनिमुद्रणं ऐका. केसरबाईंच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या सुरुवातीला चांगल्या, कारण त्यांत एकही स्वर वाया गेलेला नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर भारतातून निवडलेलं गाणं केसरबाईंनी गायलेली भैरवी आहे, तीही सहज सापडते. त्यानंतर मल्लिकार्जुन मन्सूर यांचा एखादा पूर्ण ख्याल, म्हणजे एका रागातलं सविस्तर गाणं लावा आणि अंगठा फिरवत बसा. चुकलात तरी बंद करू नका, पुढच्या समेला पुन्हा धरा.

त्या संध्याकाळी

जेवणाचा विचार आधी करा. रस्सा-भाकरी चापून खाऊन गाद्यांवर बसलात तर विलंबित ख्यालात डोळे मिटतील, आणि ते तल्लीन झाल्यामुळे नसेल. आधी हलकं खा. खासबागेजवळची भेळ या कामाला उत्तम, क्लबापासून चार पावलांवर मिळते आणि पोटाला जड होत नाही. पाणी बेताने प्या. मोठा ख्याल चालू असताना उठून बाहेर जाणं सगळ्यांनाच त्रासाचं होतं.

कपडे साधे, ढगळ आणि मांडी घालता येईल असे. झब्बाच हवा असं काही नाही. थंडीत एक शाल किंवा स्वेटर बरोबर असू द्या. कोल्हापुरी पायताण घालून जाणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. करकर वाजणारी जोडी असेल तर दारापर्यंत हळू चाला, कारण शांत बैठकीत तो आवाज थेट गायकापर्यंत जातो. आणि काढून ठेवलीत की जागा नीट बघून ठेवा. बाहेर सगळ्यांच्याच कोल्हापुरी चपला असतात आणि रात्री मंद दिव्यात जोड्या बदलतात.

बाहेरगावाहून येणाऱ्याने स्टेशन किंवा मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षा करावी आणि "खासबाग मैदान" म्हणावं, रिक्षावाल्याला आणखी काही सांगावं लागत नाही. स्वतःची चारचाकी असेल तर बिंदू चौकाकडे लावून चालत या, गल्ल्या अरुंद आहेत. परतीचं काय ते आधी ठरवून ठेवा, म्हणजे शेवटच्या भैरवीत मन घड्याळाकडे जात नाही.

दिलेल्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी पोहोचा. त्याचं कारण पुढे येतं.

कुठे बसायचं

बैठक भारतीय असेल तर पुढे गाद्या, मागे आणि कडेला खुर्च्या. पहिली ओळ पाहुण्यांना आणि गाणाऱ्या मंडळींना सोडा. गुडघ्यांचा त्रास असेल तर निःसंकोच खुर्ची घ्या. बाकीच्यांनी तिसऱ्या-चौथ्या ओळीत, तबलजीचे दोन्ही हात दिसतील अशी जागा धरावी. गायकाचा चेहरा दिसला नाही तरी चालेल, डग्ग्यावरचा डावा हात मात्र दिसला पाहिजे. कान चुकले तर डोळे सांगतात.

आणखी एक गोष्ट बघा: आसपास एखादे वयस्कर काका किंवा मावशी मांडीवर हात ठेवून बसलेल्या आहेत का. त्यांच्या मागे बसा. जाणत्या श्रोत्याचा हात नकळत ताल धरत असतो. एकदा देवल क्लबात माझ्यापुढे एक आजोबा होते. ख्यालभर त्यांचा तळहात मांडीवर इतका हलका पडायचा की धोतराची घडीसुद्धा हलायची नाही. पण समेला मात्र बोटं उघडून वर उठायची, जणू काही हातातून सोडून दिलं. शेजारी एक कॉलेजचा मुलगा होता. त्याने मध्यंतरात विचारलं, "आजोबा, तुम्हाला सम आधीच कशी कळते?" ते म्हणाले, "माझ्या हाताकडं बघत बस की. चार वेळा चुकशील, पाचव्यांदा आपोआप घावतीया." मध्यंतरानंतर तो पोरगा खरंच त्यांच्या हाताकडे बघत बसला होता.

वाद्यं जुळताना

अर्धा तास आधी या असं सांगितलं ते याच्यासाठी. तानपुरे लागतात ते ऐकणं हा मैफलीचाच भाग आहे आणि सुराची पहिली ओळख इथे फुकट होते. चार तारांपैकी मधल्या दोन तारा एकाच षड्जाला, म्हणजे 'सा'ला लावतात, त्या जोडाच्या तारा. शेवटची जाड तार खर्जाची, म्हणजे त्याच षड्जाच्या एक सप्तक खाली. पहिली तार रागाप्रमाणे पंचम, मध्यम किंवा निषादाला लावतात. जोडाच्या दोन तारा किंचित वेगळ्या असतील तर आवाजात लाटा येतात. खुंटी फिरते, लाटा हळूहळू लांबतात आणि एका क्षणी थांबतात. तो क्षण ऐकता आला तर सूर लागणं म्हणजे काय हे तुम्हाला व्याख्येविना कळलं. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलवतात. गायक मान डोलवेल असा आवाज तेव्हा तानपुऱ्यातून फुटतो.

हे तानपुरे बहुधा मिरजेचे असतात. मिरज इथून पन्नासेक किलोमीटर. तिथल्या कारागिरांनी बनवलेल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे भोपळे पंढरपूरच्या भागातून येतात. पेटीवाले आणि तबलजी याच वेळात आपापली वाद्यं षड्जाशी मिळवून घेतात, हातोडीचे ठोके ऐकू येतात. त्या वेळी गप्पा मारायला कुणी अडवत नाही, पण आवाज खाली ठेवा. ज्यांना सूर लावायचाय त्यांना तो ऐकूही यावा लागतो.

त्यानंतर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. कधी पाच मिनिटं, कधी पंचवीस. फोन बंद करायची हीच वेळ. नुसता थरथरता ठेवू नका, लाकडी मंचाजवळ त्याची घरघरही ऐकू येते. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आयोजकांना विचारून करा, न विचारता नको. आपण ज्याचं ऐकायला आलोय त्याच्या गाण्यावर पहिला हक्क त्याचा.

मोठा ख्याल, आणि सम

आता मुख्य भाग.

गायक आधी तालाशिवाय काही मिनिटं आलाप करतो. रागाची चौकट मांडली जातेय. इथे काही मोजायचं नाही. फक्त तानपुऱ्याचा षड्ज कानात धरून ठेवा आणि गायक फिरून फिरून तिथे कसा परततो तेवढं बघा. मग बंदिशीचे, म्हणजे रागात बांधलेल्या गीताचे शब्द सुरू होतात आणि तबलजीची पहिली थाप पडते. बहुतेक वेळा तीच पहिली सम. हा क्षण चुकवू नका. अंगठा करंगळीच्या तळाशी ठेवून तयार राहा, थाप पडली की मोजायला लागा.

पहिली तीन-चार आवर्तनं फक्त मोजा. सौंदर्य वगैरे राहू द्या. मग बंदिशीच्या पहिल्या ओळीचा एक छोटा तुकडा लक्षात येईल, जो प्रत्येक वेळी समेच्या आधी परत येतो. तो मुखडा. बाराव्या-तेराव्या मात्रेच्या आसपास तो उचलला जातो, म्हणजे तुमचा अंगठा मधल्या बोटाच्या टोकावर किंवा तर्जनीच्या तळाशी असताना. आता दोन खुणा झाल्या: डग्ग्याचा परतणारा घुमारा आणि मुखड्याचे शब्द. दोन्ही मिळून समेवर पोहोचतात. एवढं जमलं की मोजणं सोडून द्या. अंगठा थांबला तरी चालेल.

यापुढे जे होतं ते सांगून कळायचं नाही, पण कशाकडे लक्ष द्यायचं ते सांगता येतं. गायक समेपासून निघतो आणि मधल्या मात्रांत कुठेही जातो. कधी स्वरांची हळुवार बढत, कधी बंदिशीचे शब्द लयीशी खेळवत, कधी तानेवर तान. तुम्ही मनात म्हणत असता, आता परत कसा येणार? दहावी मात्रा गेली, बारावी गेली, तान अजून वरच आहे. आणि मग ती वळते, मुखड्याच्या पहिल्या अक्षरात जाऊन मिळते आणि समेवर उतरते. जयपूरच्या गाण्यात ही तान मुखड्याला इतकी बेमालूम जोडलेली असते की जोड सापडत नाही. सभागृहातून "वाह" येतो तो इथे. या वेळी तुमच्याही तोंडून तो आपोआप निघाला, तर तुम्हाला गाणं कळलं. रागाचं नाव अजून ठाऊक नाही, आणि त्याने काहीही अडलेलं नाही.

मोठा ख्याल अर्धा तास किंवा त्याहून जास्त चालतो. साधारण दहाव्या-पंधराव्या मिनिटाला नवख्या माणसाचं लक्ष उडतं. असं झालं तर स्वतःला दोष न देता पुन्हा ठेक्याकडे या, दोन आवर्तनं मोजा, परत मुखडा पकडा. अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, सुरू झाला की गाणं वरच्या षड्जाकडे चढतं. तो षड्ज लागायच्या आधी गायक निषादावर किती वेळ थांबवून धरतो ते ऐका. अख्ख्या बैठकीचा श्वास तिथे अडकलेला असतो.

तबलजीने तीनतालाऐवजी दुसरा ताल धरला तर? झपतालात दहा मात्रा असतात: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन-तीनच्या त्या झुलत्या चालीवरून तो लगेच ओळखता येतो. रूपक सात मात्रांचा, आणि त्याची सम 'खाली'च्या जागीच येते, तेव्हा घुमाऱ्याची खूण तिथे उलटी लागते. एकताल बारा मात्रांचा, चार बोटांची तीन-तीन पेरं धरली की बसतो. काहीच कळलं नाही तर मुखड्याला धरून राहा. मुखडा कोणत्याही तालात समेलाच नेतो.

मोठ्या ख्यालानंतर त्याच रागात छोटा ख्याल येतो, द्रुत लयीत. इथे सम लवकर लवकर येते आणि आतापर्यंतची मेहनत एकदम सोपी वाटायला लागते.

दाद कशी द्यायची

समेवर "वाह", "क्या बात है", किंवा नुसता हात उचलणं. एवढं पुरतं. टाळ्या गाणं संपल्यावर. एखाद्या लांब तिहाईनंतर (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) किंवा तबलजीच्या तुकड्यानंतर लोक मधेच टाळ्या वाजवतात, तेव्हा त्यांच्याबरोबर वाजवायला हरकत नाही. ठेक्यावर टाळ्या धरू नका, ती पद्धत वेगळ्या कार्यक्रमांची.

कळलं नसताना दिलेली दाद गायकाला लगेच कळते. शांत बसणारा श्रोता त्याला जास्त आवडतो. आत-बाहेर करायचं असेल तर एक राग संपून दुसरा सुरू होण्याच्या मधे करा. आलाप चालू असताना मुळीच नको. लहान मुलांना जरूर आणा, कडेला बसवा आणि ती कंटाळली की मोठा ख्याल संपताच बाहेर न्या. लहानपणी कानावर पडलेला तानपुरा पुढे कामाला येतो.

मध्यंतर, फर्माईश, भैरवी

मध्यंतरात शेजाऱ्याला विचारा: "काका, आत्ता झाला तो राग कोणता?" एवढ्या एका प्रश्नावर कोल्हापूरकर तुम्हाला रागाचं नाव, तो पूर्वी कुणाकडून ऐकला, आणि त्या वेळी काय झालं होतं, हे सगळं सांगेल. नाव लिहून ठेवा. पत्रिकेत नसतं, नंतर आठवत नाही. वेळेवरून थोडा अंदाज बांधता येतो: दिवेलागणीला पूरिया धनाश्री, मारवा, श्री, मग यमन, रात्र चढली की बिहाग, केदार, बागेश्री, उशिरा मालकंस, दरबारी आणि कानड्याचे प्रकार.

उत्तरार्धात छोटा राग, कधी तराणा, आणि महाराष्ट्रातला श्रोता असल्यामुळे नाट्यपद किंवा अभंग. इथे फर्माइशी सुरू होतात. पहिल्या वेळी तुम्ही करू नका. चिठ्ठी पाठवून आवडतं सिनेमाचं गाणं मागणं तर नकोच. जो अडीच तास एक वातावरण बांधत आलाय त्याला ते मोडायला लावणं बरं नाही.

भैरवी सुरू झाली म्हणजे मैफल संपत आली. पुढे गर्दी होईल म्हणून काही लोक इथे उठतात. तुम्ही बसा. तीन तास गायल्यावर गळा पूर्ण मोकळा झालेला असतो, आणि ठेका बहुधा लहान आवर्तनाचा असतो, त्यामुळे सम धरायला सगळ्यात सोपी. शिवाय भैरवीत बाराही स्वर यायला मोकळीक असते. संध्याकाळभर एका रागाच्या पाच-सात स्वरांत फिरलेले कान तिथे मोकळे होतात.

नंतर

गायकाला भेटायचं असेल तर रांगेत थांबून नमस्कार करा आणि एकच वाक्य बोला: अमुक ठिकाणी समेवर आलात ते फार आवडलं. "छान झालं" यापेक्षा हे शंभर पटीने मोलाचं. साथीदारांनाही सांगा, तबलजीला तर आवर्जून. आख्खी रात्र तुम्ही त्यांच्याच ठेक्यावर उभे होतात.

आता हवं ते खा. रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी पिळून समोर धारोष्ण दूध देतात. गाण्यानंतर उभ्या उभ्या ग्लासभर दूध घेत झालेल्या मैफलीची चर्चा करणं ही या गावाची पद्धत आहे.

घरी गेल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी, लिहून ठेवलेला राग दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐका. एकच. राग ओळखण्याची सुरुवात इथून करावी असं मला वाटतं, कारण आता त्या नावाबरोबर तुमच्या कानात एक संध्याकाळ जोडलेली असते.

दुसरी मैफल महिन्याभराच्या आत ऐका. पहिल्या वेळी हाताला लागलेली सम लगेच पुन्हा धरली तर पक्की होते, सहा महिने गेले तर पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच बैठका झाल्या की मिरजेला जा. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीमखाँसाहेब यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच आहे, आणि दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली गायला-वाजवायला मोठमोठी कलावंत मंडळी येऊन जातात. कोल्हापूरहून रेल्वेने साधारण तासाभराचं अंतर, सभा रात्रभर चालते, तेव्हा अंथरायला एक सतरंजी आणि पांघरायला चादर बरोबर घ्या. तिथे किराण्याचा विलंबित एकताल ऐकायला मिळेल. प्रत्येक मात्रा तीनतालातल्यापेक्षा खूप लांब असते, म्हणून एका पेरावर मनात चार मोजा आणि मगच अंगठा पुढे सरकवा.